अ‍ॅपल पायचं सारण: आधी पाणी काढा, मग घट्ट करा

पुण्यात घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरात त्यांच्याकडे अ‍ॅपल पायची मागणी येते. त्या किन्नौरची लाल सफरचंदं आणतात, फोडींना साखर, दालचिनी आणि कॉर्नफ्लोअर चोळतात आणि कच्च्याच पायमध्ये भरतात. पाय कापला की ताटलीत पाणी सुटतं, खालची पारी गिच्च असते, फोडींचा लगदा होतो आणि वरच्या पारीखाली चांगली दोन बोटं पोकळी राहते. कॉर्नफ्लोअर दुप्पट करून पाहिलं तर सारण पुस्तकं चिकटवायच्या खळीसारखं झालं. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: सारण आधी शिजवायचं का, इथे मिळणाऱ्यातली कोणती सफरचंदं घ्यायची, आणि नोव्हेंबरातच सारण करून बरण्यांत भरून ठेवलं तर नाताळपर्यंत टिकेल का.

ताई, तुमच्या साऱ्या तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, सफरचंदातलं पाणी. फळाच्या वजनात साधारण 85 टक्के पाणीच असतं. साखर लागली की ते बाहेर यायला लागतं आणि ओव्हनची धग लागली की उरलेलंही सुटतं. तुम्ही फोडी कच्च्या भरता, म्हणजे हे सगळं पाणी पायच्या आत सुटतं, जिथून त्याला जायला वाट नसते. वरची पारी पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत कडक होऊन बसते, तेव्हा फोडींचा ढीग अजून उंच असतो. मग फोडी मऊ होऊन खाली बसतात, पारी मात्र होती तिथेच राहते. ती तुमची पोकळी. रस तळाशी जमतो आणि खालची पारी भाजली जाण्याऐवजी त्या रसात उकडते. कॉर्नफ्लोअर वाढवून यातलं काहीच सुटत नाही, कारण पायचा मध्यभाग शेवटी-शेवटीच उकळीला येतो. तोवर कडेचं कॉर्नफ्लोअर फुलून झालेलं असतं आणि मधलं कच्चंच असतं. म्हणून एकाच पायमध्ये एका घासाला खळ लागते आणि दुसऱ्याला पाणी.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, आधी शिजवा. पण शिरा शिजवतो तसं मऊ होईपर्यंत नाही. फोडी मंद आचेवर थोड्या कोमट-गरम धरायच्या, सुटलेला रस गाळून वेगळा काढायचा, तो रस आटवून घट्ट करायचा आणि मग दोन्ही पुन्हा एकत्र करायचे. मी न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेला, एका फळबागेच्या बेकरीत काम करते. सप्टेंबरपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणापर्यंत, आमच्याकडे दुसरा विषय नसतो. इथेही हीच पद्धत आहे, फक्त पातेली मोठी.

सफरचंदाविषयी थोडं जास्त बोलते, कारण निम्मं काम बाजारातच होतं.

पायला दोन गुण लागतात: आंबटपणा आणि धगीत आकार टिकवायची ताकद. तुमचं लाल किन्नौरी किंवा रॉयल हे डेलिशस घराण्यातलं. खायला गोड, दिसायला देखणं, पण आंबटपणा जवळजवळ नाही आणि चार-सहा आठवडे ठेवलं की पिठूळ होतं. पिठूळ म्हणजे काय होतं, तर पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं. दात लावला की पेशी फुटून रस येण्याऐवजी त्या नुसत्या सुट्या होतात. असं फळ ओव्हनमध्ये गेलं की लगदाच होणार, तुम्ही काहीही करा. डिसेंबरात पुण्याच्या बाजारात जे लाल सफरचंद मिळतं ते बहुधा शीतगृहातून आलेलं असतं, हेही लक्षात घ्या.

आमच्या भागात पायसाठी जुने लोक ‘नॉर्दर्न स्पाय’ सोडून दुसऱ्या जातीचं नाव घेत नाहीत. ही जात रॉचेस्टरच्या आग्नेयेला ईस्ट ब्लूमफील्ड नावाच्या गावात 1800 च्या सुमारास लावलेल्या बियांतून आली. झाडाला फळ धरायलाच दहा-बारा वर्षं लागतात, फळ ऑक्टोबरच्या अखेरीस तयार होतं आणि दिसायला काही खास नाही. म्हणून मोठ्या दुकानांत ती क्वचितच दिसते. कॉर्नेल विद्यापीठाच्या, न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा गावच्या संशोधन केंद्रातून निघालेली ‘जोनागोल्ड’ही पायला उत्तम. याउलट ‘मॅकिंटॉश’ला वास सुरेख, पण फोड दहा मिनिटांत विरघळते. आम्ही ती पायमध्ये मूठभर मुद्दाम घालतो, म्हणजे तिचा रस्सा होतो आणि बाकीच्या फोडी त्यात बसतात. इंग्लंडात तर ‘ब्रॅम्ली’ नावाचं अतिशय आंबट सफरचंद वापरतात, जे शिजलं की पूर्ण विरघळतं. त्यांना तसंच सारण आवडतं. तेव्हा लगदा होणं हा प्रत्येक ठिकाणी दोष नाही, पण तुमच्या ग्राहकांनी अमेरिकन फोटो दाखवून ऑर्डर दिली असेल तर फोड दिसली पाहिजे.

पुण्यात तुम्हाला हे काहीच मिळणार नाही, आणि त्याने फारसं अडतही नाही. हिरवं ‘ग्रॅनी स्मिथ’ आयात होऊन बाराही महिने मिळतं. ऑस्ट्रेलियातलं हे वाण आंबट असून कणखरही आहे. ते दोन वाटे घ्या. एक वाटा पिवळं ‘गोल्डन’ घ्या, जे हिमाचल आणि काश्मीर दोन्हीकडून येतं. तिकडच्या बागांत गोल्डनची झाडं मुख्यतः लाल जातींच्या परागीभवनासाठी लावलेली असतात आणि लाल रंगाच्या हौसेपायी बाजारात त्याला भाव कमी मिळतो. आपल्या दृष्टीने हे बरंच आहे, कारण शिजल्यावर गोल्डनची फोड लालपेक्षा कितीतरी चांगली टिकते आणि तिला मधासारखा वास येतो. नुसतं ग्रॅनी स्मिथ वापरलं तर सारण आंबट-एकसुरी लागतं, म्हणून हे मिश्रण. काश्मीरचं ‘महाराजी’ कुठे दिसलं तर जरूर उचला. ते उशिरा येतं, लाल असूनही आंबट असतं आणि शिजवायला चांगलं.

लालशिवाय काहीच मिळालं नाही तर? करता येतं, पण ताजं, टणक, नखाने टकटक केल्यावर भरीव आवाज देणारं फळ निवडा. साखर एक तृतीयांशाने कमी करा, लिंबाचा रस दुपटी-तिपटीने वाढवा आणि फोडी जाड कापा. अशा पायचे पैसे मात्र मी थोडे कमी लावीन.

आता कृती. 9 इंचांच्या खोल पाय डिशसाठी दीड किलो सफरचंदं घ्या. साल आणि गाभा गेल्यावर 1.1 ते 1.2 किलो फोडी उरतील. आधी चार भाग करून गाभा काढा, मग प्रत्येक भागाच्या आडव्या नव्हे, उभ्या फोडी करा, साधारण 8 मिलिमीटर जाडीच्या. पातळ काप लगेच मोडतात आणि फार जाड फोडी एकमेकींवर नीट बसत नाहीत, मध्ये हवेच्या फटी राहतात. सगळ्या एका जाडीच्या असणं हे जाडी किती यापेक्षा महत्त्वाचं. फोडी काळ्या पडतात म्हणून घाबरून पाण्यात टाकू नका. आपण पाणी काढायच्या खटपटीत आहोत. लिंबाचा रस चोळला की पुरे, आणि थोड्या तांबूस झाल्याच तरी दालचिनीत ते कोणाला दिसणार नाही.

साली आणि गाभे फेकू नका. त्यांत पेक्टिन भरपूर असतं. बुडतील एवढं पाणी घालून अर्धा तास उकळा, गाळा आणि तो अर्क आटवून चार चमचे उरवा. हा पुढे रसात घालायचा. सारणाला येणारी चकाकी निम्मी यातूनच येते.

फोडींवर 120 ग्रॅम साखर घाला. त्यातली निम्मी ब्राउन शुगर चालेल, पण गूळ नको, त्याची चव दालचिनीवर चढते. पाव टीस्पून मीठ, एक टेबलस्पून लिंबाचा रस. झाकून तासभर मुरू द्या. तळाशी रस जमलेला दिसेल. आता सगळं जाड बुडाच्या पातेल्यात घाला, झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर ठेवा. इथे पाकाचा थर्मामीटर असेल तर काम सोपं. फोडींच्या मधोमध 65 ते 70 अंश सेल्सिअस दाखवलं पाहिजे आणि तिथेच वीसेक मिनिटं धरायचं. उकळी येऊ द्यायची नाही. दर तीन-चार मिनिटांनी लाकडी उलथन्याने खालच्या फोडी वर आणा, पण ढवळून घोटू नका.

या तापमानाचा एवढा आग्रह का, ते सांगते. सफरचंदात एक विकर (एन्झाइम) असतं, जे साधारण 60 ते 70 अंशांच्या दरम्यान जोरात काम करतं. ते पेक्टिनच्या साखळ्यांमध्ये असा बदल करतं की फळातलंच कॅल्शियम त्यांना एकमेकींशी बांधू शकतं. एकदा ही बांधणी झाली की नंतर ओव्हनमध्ये फोड उकळत्या रसात तासभर राहिली तरी सहसा विरघळत नाही. थेट मोठ्या आचेवर ठेवलं तर हे विकर काम करायच्या आतच नष्ट होतं आणि पेक्टिन सुटायला लागतं. म्हणजे मंद आचेवर आधी शिजवलेली फोड कच्च्या भरलेल्या फोडीपेक्षा जास्त टणक राहते. ऐकायला उलटं वाटतं, पण एकदा दोन्ही प्रकारे करून शेजारी-शेजारी ठेवून बघा. तुमच्या जुन्या, शीतगृहातल्या लाल सफरचंदात मात्र पेक्टिन आधीच ढिलं झालेलं असतं, त्यामुळे बांधायला फारसं काही उरत नाही.

थर्मामीटर नसेल तर हाताने ओळखा. एक फोड काढून दोन्ही टोकांना धरून हळूच वाकवा. कच्ची फोड कट्‌कन मोडते. तयार फोड धनुष्यासारखी वाकते, मोडत नाही, आणि सोडली की थोडी सरळ होते. उजेडात धरली तर कडेने काचेसारखी पारदर्शक आणि मधे पांढरी पट्टी दिसते. ती पट्टी असतानाच उतरवायचं. पूर्ण पारदर्शक झाली म्हणजे उशीर झाला. वाफेचं काय चाललंय तेही बघत राहा. झाकण उघडल्यावर वाफ अलगद यायला हवी, रस खदखदताना दिसता कामा नये.

लगेच मोठ्या चाळणीत ओता, खाली पातेलं. दाबू नका, दहा मिनिटं निथळू द्या. साधारण 300 मिली रस मिळेल, ग्रॅनी स्मिथचा जास्त, गोल्डनचा कमी. जो काही येईल तो आटवून 180 ते 200 मिलीवर आणा. त्याच्यापुढे आटवू नका. आपल्याला एकतारीपर्यंत जायची सवय असते, इथे ती आवरायची. पाक फार दाट झाला की साखरच पाणी धरून बसते आणि स्टार्चच्या कणांना फुलायला पाणी उरत नाही. मग तुम्ही आणखी स्टार्च घालाल आणि पुन्हा खळ.

या रसाला 18 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे सपाट दोन टेबलस्पून आणि वर थोडं. ते तीन टेबलस्पून गार पाण्यात कालवा, उकळत्या रसात धार धरून घाला, ढवळत राहा आणि बुडबुडे यायला लागल्यावर एक मिनिट मोजा. रस दुधाळ होता तो नितळ होतो. जास्त वेळ उकळू नका, कारण रस आंबट असतो आणि आंबटात कॉर्नफ्लोअर फार शिजलं की घट्ट झालेलं पुन्हा पातळ पडतं. पळीच्या पाठीवर बोट ओढा, ओढलेली रेघ कडेने न भरता तशीच राहिली की झालं. या घटकेला सारण हवं त्याहून जरासं घट्ट वाटलं पाहिजे, कारण ओव्हनमध्ये फोडी आणखी थोडा रस सोडतील. आच बंद करून 30 ग्रॅम बटर, सालींचा अर्क आणि मसाला घाला, मग फोडी अलगद मिसळा.

कॉर्नफ्लोअरच्या जागी मला स्वतःला साबुदाणा जास्त आवडतो. इथे अमेरिकेत पायसाठी ‘टॅपिओका’ म्हणून खास बारीक दाण्याची पाकिटं मिळतात. मूळ वस्तू तीच, कसावाच्या कंदाचं स्टार्च. तुम्हाला पाकीट शोधायची गरज नाही. घरातला साबुदाणा न भाजता मिक्सरमधून अगदी बारीक करा, बारीक चाळणीने चाळा आणि 22 ते 25 ग्रॅम घ्या. गार रसात पंधरा मिनिटं भिजवून मग गरम करा. कॉर्नफ्लोअरच्या सारणाला थंड झाल्यावर किंचित गढूळपणा आणि धान्याची चव येते. साबुदाण्याचं सारण आरशासारखं स्वच्छ राहतं आणि गोठवून पुन्हा वितळवलं तरी फारसं पाणी सोडत नाही. दोष एकच, प्रमाण चुकलं की तार सुटते आणि खाताना ओशट-चिकट लागतं. नीट चाळलं नाही तर दाणेही लागतात, आणि मग ग्राहक खिचडीचं नाव काढणारच. आरारूटही चालतं, पण ते उकळीत फार वेळ टिकत नाही. तासभर भाजायच्या पायला मी ते घेत नाही. मैद्याने होतं, मात्र दुप्पट लागतो आणि रस पांढरट दिसतो.

मसाल्याचं थोडक्यात. या मापाला सपाट एक टीस्पून दालचिनी, पाव टीस्पूनहून कमी ताजं किसलेलं जायफळ, चिमूटभर लवंगपूड. आपल्या बाजारात बहुतेक जाड सालीची, तिखट दालचिनी मिळते. अमेरिकेतही पायमध्ये तीच चव अपेक्षित असते, त्यामुळे महागडी श्रीलंकेची शोधू नका. वेलदोडा स्वीडनकडचे लोक सफरचंदाबरोबर घालतात आणि छान लागतो, पण आपल्याकडे वेलदोडा आणि जायफळ एकत्र आले की जिभेला पुरणपोळीच आठवते. मी टाळते. त्याऐवजी बिनसाखरेचा सफरचंदाचा रस एक लिटर आणून दीडशे मिलीपर्यंत आटवा आणि त्यातला दोन चमचे सारणात घाला. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात ही जुनी रीत आहे. नुसत्या लाल सफरचंदाच्या सारणातही याने जान येते. चव मात्र सारण पूर्ण गार झाल्यावर बघा, गरम असताना गोडवा जास्त भासतो.

गार होणं इथे चवीपुरतं नाही. सारण परातीत पसरून गार करा आणि मग फ्रिजमध्ये थंड होऊ द्या. कोमट सारण भरलं की पारीतलं बटर वितळतं आणि पापुद्रे सुटायची शक्यता तिथेच संपते. घाईच्या दिवसांत सगळ्यात जास्त पाय याच एका कारणाने बिघडतात.

बरण्यांचा प्रश्न जपून वाचा. आपल्याकडे मुरांबा आणि साखरआंबा बरणीत वर्ष काढतात, म्हणून हेही टिकेल असं वाटणं साहजिक आहे. पण मुरांब्यात फळाच्या वजनाइतकी किंवा त्याहून जास्त साखर असते आणि तिथे जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. पायच्या सारणात साखर त्याच्या कितीतरी कमी आणि पाणी भरपूर. गरम सारण उकळलेल्या बरणीत भरून, झाकण लावून उलटं ठेवायचं आणि ‘व्हॅक्यूम झालं’ म्हणून कपाटात ठेवायचं, हा प्रकार करू नका. वर बुरशी दिसली तर ती निदान दिसते तरी. न दिसणारा धोका बोट्युलिझमच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेच्या जंतूचा असतो. आंबटपणा पुरेसा असेल, म्हणजे पीएच 4.6 च्या खाली, तर तो वाढत नाही. सफरचंद सहसा त्याखाली असतं, पण गोड लाल जाती वरच्या टोकाला असतात, आणि सारण दाट असल्याने बरणीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो.

अमेरिकेत घरी बरण्या भरणारे लोक जॉर्जिया विद्यापीठातल्या अन्न-संरक्षण केंद्राची तपासलेली कृती वापरतात, आणि त्यात कॉर्नफ्लोअर, मैदा, साबुदाणा काहीच चालत नाही. हे स्टार्च बरणीत गोळा होतात, उष्णता अडवतात आणि साठवणीत पाणीही सोडतात. त्यासाठी ‘क्लिअर जेल’ नावाचं बदललेलं मक्याचं स्टार्च लागतं, तेही साधं, झटपट विरघळणारं नाही. एक क्वार्ट, म्हणजे साधारण 950 मिलीच्या बरणीला अमेरिकन कपाच्या मापाने साडेतीन कप फोडी, पाऊण कप आणि वर दोन टेबलस्पून साखर, पाव कप क्लिअर जेल, अर्धा कप गार पाणी, पाऊण कप सफरचंदाचा रस, अर्धा टीस्पून दालचिनी, चिमूटभर जायफळ आणि दोन टेबलस्पून लिंबाचा रस. लिंबाचा रस बाटलीतला घ्यायचा, कारण ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो. फोडी उकळत्या पाण्यात एक मिनिट काढायच्या, स्टार्च-साखर-रस शिजवून घट्ट करायचं, लिंबू घालून एक मिनिट उकळायचं, फोडी मिसळून लगेच भरायचं. वर एक इंच जागा रिकामी सोडायची, कारण हे स्टार्च उकळीत फुगतं. मग बरण्या पूर्ण बुडतील अशा उकळत्या पाण्यात ठेवायच्या, आणि किती वेळ ते तुमच्या गावाच्या उंचीवर ठरतं. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. मुंबईत 25 मिनिटं पुरतात, पुण्यात 30 लागतात, महाबळेश्वरला 35. आपला शिट्टीचा कुकर यासाठी नाही.

तुम्हाला दोन भागांच्या झाकणाच्या बरण्या आणि क्लिअर जेल दोन्ही खात्रीचं मिळत असेल तर हे करा. जामच्या जुन्या बाटल्या आणि कॉर्नफ्लोअर एवढंच हाताशी असेल तर नाद सोडा. पैसे घेऊन दुसऱ्याला खायला घालायचं आहे.

तुमच्यासाठी खरा मार्ग फ्रीझर आहे. साबुदाण्याचं सारण करा, थंड करा. तुमच्याच पाय डिशला आतून प्लास्टिकचा कागद लावा, सारण त्यात पसरा आणि गोठवा. दगडासारखं झालं की कागदासकट बाहेर काढून घट्ट गुंडाळा, पिशवीत घालून हवा काढा आणि डिश पुढच्या घाण्याला मोकळी करा. ऑर्डरच्या दिवशी ही चकती कागद काढून तशीच गोठलेली पारीत ठेवायची. ती थंड असल्याने पारीचं बटरही टणक राहतं. भाजायला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात एवढंच. उणे 18 अंशांचा फ्रीझर असेल तर चार-पाच महिने चवीत फरक पडत नाही. साध्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, जिथे दार दिवसातून वीस वेळा उघडतं, तिथे महिन्याच्या आत संपवा. फ्रिजमध्ये नुसतं झाकून ठेवलेलं सारण तीन-चार दिवसांपलीकडे नेऊ नका.

भाजताना ओव्हनची खालची जागा घ्या. जाड ट्रे आधीच तापवून ठेवा आणि पाय डिश त्यावर ठेवा, म्हणजे खालच्या पारीला पहिल्या मिनिटापासून धग मिळते. 220 अंशांवर वीस मिनिटं, मग 190 वर चाळीस ते पन्नास. ओटीजीत वरचा रंग लवकर येतो, तेव्हा वरून फॉइल टाका, पण रंग आला म्हणून बाहेर काढू नका. वरच्या चिरांतून, आणि कडेच्या नव्हे तर मधल्या चिरेतून, रस सावकाश, जड बुडबुडे काढताना दिसला पाहिजे. तो दिसला म्हणजे मधलं स्टार्च पुन्हा उकळीला आलं. बुडबुडे भराभर आणि पाण्यासारखे फुटत असतील तर अजून दहा मिनिटं.

आणि मग निदान चार तास हात लावायचा नाही. गरम स्टार्च पातळच असतं, गार होताना धरतं. गरमागरम कापलेल्या पायमधून रस वाहणारच, सारण कितीही चांगलं असो. संध्याकाळी सातची पार्टी असेल तर दुपारी दोनच्या आत पाय ओव्हनबाहेर हवा. डब्यावर चिठ्ठी लावा: ‘कापून मग हवं तर फोड गरम करा, अख्खा पाय मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.’ नाहीतर फोन तुम्हालाच येईल.